फाटकावरची तपासणी आणि मक्तेदारीचा परवाना

पेटंट हा शब्द निघाला की आपल्यातील बहुतेक कार्यकर्ते तो वकिलांचा आणि कंपन्यांचा विषय समजून दुसरीकडे वळतात. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या साथींना तरी असे वळता येणार नाही. तेथील औषधी द्रव्यांचे कारखाने औद्योगिक विकास महामंडळाच्या जमिनीवर उभे असले, तरी त्यांना पायाखाली बळ दिले ते १९७० सालच्या पेटंट कायद्याने. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाचा आधार घेऊन हा कायदा झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी नाही, ते तयार करण्याच्या प्रक्रियेवर तेवढी, आणि तीही फार तर सात वर्षे, असे त्याने ठरविले. परकीय कंपनीचे औषध वेगळ्या रासायनिक वाटेने बनविण्याची मोकळीक भारतीय रसायनतज्ज्ञाला मिळाली आणि त्या मोकळिकीतून मूळ औषधी द्रव्यांचा देशी उद्योग वाढला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारापायी १ जानेवारी २००५ पासून ही मोकळीक संपली. पेटंट कचेरीत काय ठरते याचा बोईसरच्या रात्रपाळीशी संबंध आहे, हे सांगायला एवढा इतिहास पुरे.

आज त्याच कचेरीत दुसऱ्या एका वस्तूवर मक्तेदारी मागणारे अर्ज येतात आणि त्यांचाही संबंध फाटकाशीच आहे. उपकरणाची विश्वासार्हता पडताळून त्याला नेटवर्कमध्ये प्रवेश देण्याची वा नाकारण्याची पद्धत, असे त्या वस्तूचे वर्णन अर्जांत केलेले असते. शब्द बोजड आहेत, गोष्ट साधी आहे.

तारापूरच्या वसाहतीतील एखाद्या मोठ्या कारखान्याचे फाटक डोळ्यांसमोर आणावे. सकाळच्या पाळीला कंत्राटी कामगारांची रांग लागते. वॉचमन प्रथम गेटपास पाहतो. कोणत्या कंत्राटदाराचा, कोणत्या तारखेपर्यंतचा. मग डोक्यावर हेल्मेट आणि पायांत सेफ्टी बूट आहेत की नाहीत ते पाहतो. ज्याचे सर्व ठीक त्याला आत सोडतो. ज्याचे बूट नाहीत त्याला टाइम ऑफिसच्या बाकावर बसवून ठेवतो. पाहुण्याला स्वागतकक्षापर्यंत जाऊ देतो, प्लांटमध्ये नाही. आता कामगाराच्या जागी संगणक किंवा भ्रमणध्वनी ठेवावा. तो कारखान्याच्या नेटवर्कशी जोडू पाहतो तेव्हा फाटकावरचा संगणक त्याला प्रमाणपत्र विचारतो. हा झाला गेटपास. त्याची कार्यप्रणाली अद्ययावत आहे काय, विषाणूरोधक आज्ञावली चालू आहे काय, हे विचारतो; हे झाले हेल्मेट आणि बूट. उत्तरे ठरवून दिलेल्या नियमांशी जुळली तर प्रवेश, थोडी जुळली तर मर्यादित प्रवेश, मुळीच जुळली नाहीत तर त्याला वेगळ्या कोपऱ्यात अडकवून ठेवणे. उपकरणाने खोटे सांगू नये म्हणून त्यात एक चिप बसविलेली असते. यंत्र सुरू होताना त्यात कोणकोणत्या आज्ञावल्या भरल्या गेल्या याची नोंद ती ठेवते आणि स्वतःच्या गुप्त किल्लीने त्या नोंदीवर सही करते. याला 'विश्वास' असे गोंडस नाव दिले गेले आहे. वास्तविक हा संशयाचा शास्त्रशुद्ध व्यवहार होय. अलीकडे तर या सर्व विचारसरणीला 'शून्य विश्वास' असेच नाव पडले असून अमेरिकन सरकारच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये त्या नावाची पुस्तिकाही प्रसिद्ध केली. निदान हे नाव तरी प्रामाणिक आहे.

अशा कुलपाची गरजच नाही, असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. तारापूरला अणुवीज केंद्र आहे. तेथील पहिली दोन संयंत्रे १९६९ पासून चालू झाली, आणि पुढील दोन संयंत्रांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. अशा केंद्राच्या शेजारी राहणाऱ्याला फाटकावरची ढिलाई परवडत नाही. तमिळनाडूतील कुडनकुलमच्या अणुकेंद्रात २०१९ मध्ये काय घडले हे त्या संदर्भात आठवावे. प्रशासकीय कामाच्या नेटवर्कमधील एका संगणकात हेरगिरीची आज्ञावली शिरली होती. ही गोष्ट अणुऊर्जा महामंडळाने ३० ऑक्टोबर २०१९ रोजी मान्य केली. संयंत्र चालविणारे अंतर्गत जाळे त्यापासून अलग होते, असे महामंडळाने सांगितले, आणि ते अलग होते म्हणूनच निभावले. एक उपकरण बेभरवशाचे निघाले तर केवढी जोखीम उद्भवते याचा याहून स्पष्ट धडा नको. परंतु कुलपाची गरज आहे याचा अर्थ 'कुलूप लावणे' या क्रियेची मालकी कोणा एकाला वीस वर्षांसाठी देऊन टाकावी, असा होत नाही. अणुऊर्जेच्याच क्षेत्रात आपल्या राज्यकर्त्यांनी एके काळी याहून धाडसी भूमिका घेतली होती. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने या विषयातील शोधांना पेटंट देण्यास मनाई केली आणि १९७० च्या कायद्याने आपल्या चौथ्या कलमात ती मनाई कायम ठेवली. तारापूरची पहिली संयंत्रे चालू झाली ती अशा काळात, जेव्हा काही ज्ञान खाजगी मालकीचे असूच नये हे संसदेला उघडपणे म्हणता येत होते.

पेटंट परीक्षकाचे काम या ठिकाणी सुरू होते. अर्ज अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. परीक्षणाची मागणी आली की परीक्षक जुने दस्तऐवज धुंडाळतो, आक्षेपांचा पहिला अहवाल देतो, अर्जदार त्याला उत्तर देतो, सुनावणी होते आणि नियंत्रक निर्णय देतो. या विषयात परीक्षकाने विचारावयाचे प्रश्न दोन. पहिला प्रश्न नवतेचा. नेटवर्कच्या दारातच ओळख तपासण्याचे मानक अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेने २००१ मध्येच प्रसिद्ध केले. उपकरणाची प्रकृती तपासून प्रवेश देण्याची सर्वांना खुली असलेली रचना २००५ पर्यंत छापून आली होती. तेव्हा आज येणाऱ्या अर्जात या जुन्या तपासणीपेक्षा वेगळे काय आहे? पुष्कळदा वेगळेपण एवढेच असते की तपासणी एकदा करण्याऐवजी दर काही मिनिटांनी करावी, किंवा होय-नाही याऐवजी गुण द्यावेत आणि गुणांप्रमाणे दारे उघडावीत. चांगला वॉचमन हे न सांगता करतो.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा, कारण तो राजकीय आहे. कायद्याच्या तिसऱ्या कलमातील 'के' हे पोटकलम सांगते की गणिती किंवा व्यापारी पद्धत, निव्वळ संगणकीय आज्ञावली आणि गणनविधी हे शोधच नव्हेत. २००२ च्या दुरुस्तीने ते कायद्यात आले. ते पातळ करण्याचा पहिला प्रयत्न २६ डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने झाला. आज्ञावलीचा उद्योगात तांत्रिक उपयोग होत असेल, किंवा ती यंत्रभागाशी जोडलेली असेल, तर पेटंट द्यावे, असा शब्दप्रयोग त्यात घुसविण्यात आला. यंत्रभागाशी न जोडता चालणारी आज्ञावली या पृथ्वीवर कोठे आहे? म्हणजे अपवादाच्या नावाने नियमच गिळून टाकला होता. त्या वेळचे सरकार डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर उभे होते. मार्च २००५ मध्ये अध्यादेशाच्या जागी कायदा करताना संसदेने हा शब्दप्रयोग काढून टाकला आणि जुने पोटकलम जसेच्या तसे ठेवले. औषधांच्या बाबतीतील '३-डी' हे सुप्रसिद्ध कलम त्याच झगड्यातून आजच्या रूपात आले. त्याच वर्षी ६ जुलैला युरोपच्या संसदेने संगणकीय शोधांच्या पेटंटविषयीचा प्रस्ताव ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. दोन खंडांतील दोन संसदांनी चार महिन्यांच्या आत एकाच दिशेला पाऊल टाकले, हा योगायोग मानण्याचे कारण नाही.

संसदेने पुढच्या दाराने घालविलेली गोष्ट पुढे मागच्या दाराने कशी आली, हे आपल्या कार्यकर्त्यांनी बारकाईने पाहावे. पेटंट कचेरीने ऑगस्ट २०१५ मध्ये संगणकाशी संबंधित शोधांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत दार इतके सताड उघडले होते की मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी व छोट्या उद्योजकांनी पंतप्रधानांपर्यंत तक्रार नेली आणि डिसेंबरात ती स्थगित करावी लागली. फेब्रुवारी २०१६ मध्ये सुधारित तत्त्वे आली. नवीन आज्ञावलीबरोबर नवीन यंत्रभागही असला पाहिजे, अशी स्वच्छ कसोटी त्यांत होती. जून २०१७ मध्ये ती कसोटी गळली. २०२५ मध्ये आणखी एक आवृत्ती निघाली. संसदेत एका अक्षराचाही बदल न होता केवळ कचेरीच्या परिपत्रकांनी कायद्याचा अर्थ दहा वर्षांत एवढे हेलकावे खातो, आणि त्यावर कोठेही मतदान होत नाही!

न्यायालयांनीही या वाटेला हातभार लावला. फरीद अल्लानी यांच्या अर्जावर दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये म्हटले की शोधाचा काही 'तांत्रिक परिणाम' होत असेल, तर केवळ तो संगणकीय आज्ञावलीवर आधारलेला आहे म्हणून नाकारता येणार नाही. आपल्या विषयाला अगदी लागून असलेले प्रकरण त्यानंतरचे आहे. मायक्रोसॉफ्टने २००३ मध्ये एक अर्ज केला होता. नेटवर्कवरील एखाद्या ठिकाणी ज्याला प्रवेश मिळाला आहे त्याची, त्या ठिकाणाच्या आतल्या दालनांसाठी वेगळी ओळखचिठ्ठी देऊन पुन्हा पडताळणी करण्याची पद्धत, हा त्याचा विषय. म्हणजे फाटकाचा पास वेगळा आणि प्लांटचा पास वेगळा. पेटंट कचेरीने तो 'के' पोटकलमाखाली नाकारला. मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो नकार रद्द करून अर्ज फेरविचारासाठी परत पाठविला. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे असते हे ध्यानात घेतले, तर मुदत संपत आली तेव्हा हा अर्ज पुन्हा परीक्षकाच्या टेबलावर आला होता. वीस वर्षे ज्या पद्धतीला भारतात पेटंट नव्हते ती पद्धत या काळात जगभर सर्रास वापरात राहिली. मक्तेदारीवाचून संशोधन खुंटते असे सांगणाऱ्यांनी याचा खुलासा करावा.

'तांत्रिक परिणाम' या शब्दाची मौज अशी की तो कोठेही सापडतो. नेटवर्क अधिक सुरक्षित झाले, हा तांत्रिक परिणाम. तपासणीला लागणारा वेळ घटला, हाही तांत्रिक परिणाम. वॉचमनने रांगेचे दोन भाग केले म्हणून कामगार लवकर आत गेले, तर तोही एक परिणामच. प्रवेश-नियंत्रणाच्या प्रत्येक नियमाने सुरक्षिततेत काही ना काही भर पडतेच. तेव्हा या कसोटीवर असा एकही नियम नापास होणार नाही, आणि ज्या कसोटीवर कोणीच नापास होत नाही ती कसोटीच नव्हे. एखाद्याने नक्कल करता येणार नाही अशी नवी चिप घडविली, तर तिला पेटंट मिळण्याबद्दल या कायद्याच्या चौकटीत आमची तक्रार नाही. ती घडविण्यात धातू, ऊर्जा, श्रम आणि पदार्थविज्ञान खर्ची पडलेले असते. परंतु त्या चिपला विचारलेल्या प्रश्नांच्या क्रमावर मालकी सांगणे निराळे.

यात बोईसरचे काय बिघडते? वसाहतीत मोठे कारखाने थोडे आणि लहान घटक फार. लहान घटकाला स्वतंत्र संगणक विभाग ठेवणे झेपत नाही. त्याचे नेटवर्क सांभाळतो तो जवळपासचा एखादा दुकानदार किंवा दोन-तीन शिकलेली मुले. त्यांना वापरता येण्याजोगी साधने आज मुक्त आहेत. दारावर ओळख तपासणारी 'फ्रीरेडियस' ही आज्ञावली १९९९ पासून चालत आली आहे. उपकरणाची तपासणी करून त्याला आत घेणारी किंवा कोपऱ्यात ठेवणारी 'पॅकेटफेन्स' ही आज्ञावलीही विनामूल्य मिळते. ती जगभरच्या माणसांनी सहकाराने लिहिली, सुधारली आणि सर्वांसाठी उघडी ठेवली. श्रमाच्या सामाजिक स्वरूपाचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. आता प्रश्नांच्या त्या क्रमावर कोणाला पेटंट मिळाले, तर कायद्याच्या ४८व्या कलमानुसार ती पद्धत नुसती वापरण्यासही मालक मनाई करू शकतो. आज्ञावली चोरली नसली तरी, स्वतः लिहिली असली तरी. माहीत नव्हते असे सिद्ध केले तर नुकसानभरपाईतून सुटका होते, पण मनाईहुकमातून नाही. बोईसरच्या दोन मुलांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात जाऊन पेटंटची वैधता लढवावी, अशी अपेक्षा कोणी करील काय? ती निमूटपणे कंपनीचा परवाना घेतील आणि त्याचा खर्च लहान घटकाच्या बिलात चढेल. लहान मालक तो कोठून वसूल करतो हे आपल्या युनियनांना सांगावयास नको.

आपल्याच तरुणांनी, आपल्याच आयआयटीतील संशोधकांनी अशी पेटंटे घ्यावीत आणि परकीयांशी टक्कर द्यावी, असे उत्तर यावर दिले जाते. ऐकायला ते स्वाभिमानी वाटते. परंतु मक्तेदारीच्या बाजारात दोन-चार देशी दुकाने उघडल्याने बाजाराचे नियम बदलत नाहीत. ज्याच्याकडे हजारो पेटंटे आणि वकिलांची फौज आहे तो परस्पर परवान्यांची देवघेव करतो. ज्याच्याकडे एकच पेटंट आहे तो ते विकून मोकळा होतो. औषधांच्या क्षेत्रात देशी उद्योग वाढला तो पदार्थाच्या पेटंटांना नकार दिल्यामुळे, हा तारापूरचा अनुभव या उत्तराच्या नेमका उलट आहे.

या प्रश्नाची दुसरी बाजू कारखान्याबाहेरची आहे. पालघरच्या डोंगरी तालुक्यांत अंगणवाडी सेविकांना शासनाने भ्रमणध्वनी दिले आणि त्यांवर पोषण ट्रॅकर भरण्याची सक्ती केली. अवघी दोन जीबी स्मृती असलेल्या त्या फोनांत ती आज्ञावली नीट चालेना. माहिती इंग्रजीत भरावी लागे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभरच्या सेविकांनी ते फोन शासनाला परत केले. १ जुलै २०२५ पासून तर घरी न्यावयाच्या आहारासाठी लाभार्थी मातेचा चेहरा ओळखण्याची अटही आली. उपकरण नापास झाले की ते बाळगणारे माणूसही नापास, हा न्याय त्यात दडलेला आहे. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर रेंज नाही आणि फोन जुना आहे, हा दोष सेविकेचा नव्हे. पण दार बंद होते ते तिच्या आणि त्या मातेच्या तोंडावर. कारखान्यातही उद्या हजेरी कामगाराच्या स्वतःच्या फोनवर आली की याच प्रकाराची पुनरावृत्ती होईल. कार्यप्रणाली जुनी म्हणून हजेरी लागली नाही, तर खाडा कोणाच्या नावे मांडावयाचा? यासाठीच युनियनांनी प्रसिद्ध झालेले पेटंट अर्ज वाचण्याची सवय लावून घ्यावी. आपले यंत्र माणसाला कोणत्या आधारावर आत घेणार आणि कोणत्या आधारावर अडविणार, हे कंपनी जाहिरातीत कधीच सांगत नाही. पेटंटच्या अर्जात तिला ते सविस्तर लिहावेच लागते.

आता परीक्षकाच्या बाजूने एक शब्द. २०२१-२२ मध्ये देशात तीस हजारांच्या आसपास पेटंटे दिली गेली. २०२३-२४ मध्ये तो आकडा एक लाखावर गेला आणि त्याचा जयघोष झाला. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या अभ्यासानुसार मार्च २०२२ अखेर परीक्षक व नियंत्रक मिळून ८६० माणसे होती. चीनमध्ये हीच संख्या १३,७०४ होती. त्यानंतर भरती झाली हे खरे. पण नव्याने भरलेल्या माणसाकडून दोन वर्षांत तिप्पट उत्पादनाची अपेक्षा धरणे म्हणजे परीक्षणाच्या कामाला शिक्के मारण्याच्या कामाची गती लावणे होय. परीक्षक हाही वेतनावर राबणारा माणूस आहे. नकार लिहायला कारणे द्यावी लागतात, वेळ लागतो आणि वर अपील होते. मंजुरीला यातले काही लागत नाही. गतीचा दट्ट्या कोणाच्या फायद्याचा, हे उघड आहे.

अशा स्थितीत कायद्याच्या २५व्या कलमातील पहिल्या पोटकलमाचे मोल वाढते. पेटंट देण्यापूर्वी 'कोणतीही व्यक्ती' त्याला हरकत घेऊ शकते, असे ते म्हणते. प्रतिस्पर्धी कंपनी असण्याची अट नाही. क्षयरोगावरील बेडाक्विलिन या औषधाची मक्तेदारी लांबविण्याचा जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज मार्च २०२३ मध्ये पेटंट कचेरीने फेटाळला. हरकत घेणाऱ्यांत क्षयातून उठलेल्या दोन तरुणी होत्या, मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. अशा हरकतींची धास्ती घेऊनच की काय, १५ मार्च २०२४ च्या नियमांनी या हक्काला वेसण घातली. पूर्वी विनाशुल्क असलेल्या हरकतीवर शुल्क बसले आणि ती ग्राह्य आहे की नाही हे आधी नियंत्रकाने ठरवावे, असे झाले. त्याच नियमांनी पेटंटधारकाने आपल्या पेटंटचा देशात काय उपयोग केला याचे विवरण दरवर्षी देण्याऐवजी तीन वर्षांतून एकदा द्यावे, अशी सवलत दिली. सामान्य माणसाचा मार्ग अरुंद आणि मालकाचा मार्ग प्रशस्त, हे एकाच राजपत्रात घडले.

तरीही मार्ग बंद झालेला नाही. पेटंट कचेरीचे नियतकालिक दर शुक्रवारी निघते आणि कोणालाही विनामूल्य पाहता येते. अर्ज त्यात प्रसिद्ध झाल्यापासून सहा महिने उलटल्याखेरीज पेटंट देता येत नाही. हरकतीसाठी वकील लागतोच असे नाही. जुने प्रसिद्ध मानक, त्याची तारीख आणि अर्जातील दाव्याशी त्याचे ओळीला ओळ लावून दाखविलेले साम्य, एवढे लागते. बोईसर, पालघर व डहाणूच्या महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकणारी कामगारांची मुले आहेत. नेटवर्कच्या दारावरील तपासणीसंबंधीचे अर्ज दर शुक्रवारी वेगळे काढून ठेवण्याचे काम त्यांच्यातील चार-पाच जणांकडे द्यावे, आणि त्यांनी निवडलेल्या पहिल्या अर्जावरील हरकतीचे शुल्क वसाहतीतील युनियनांनी वर्गणी काढून भरावे.